युद्धकाळातल्या मुलींच्या शाळा : हेड गर्लचा बिल्ला आणि खरं काम

रानजाई

लेकीच्या शाळेत सध्या हेड गर्ल निवडण्याची धामधूम चालू आहे. (आम्ही इंग्लंडच्या उत्तरेकडे राहतो, लेक सतरा वर्षांची.) आधी अर्ज, त्यासोबत नेतृत्वावर निबंध, मग शिक्षकांसमोर मुलाखत, मग मुलींचं मतदान. एवढी चाळणी लावून निवडलेली मुलगी वर्षभर करते काय, तर पाहुण्यांना शाळा दाखवते आणि समारंभात भाषण करते. लेक म्हणते, "आई, हे रिसेप्शनिस्टचं काम आहे, फक्त बिनपगारी."

हे डोक्यात घोळत असतानाच सुट्टीत केझिकला जाणं झालं. लेक डिस्ट्रिक्टमधलं गाव, म्हणजे पाऊस आलाच. तिथे एक जुनं मोठं हॉटेल आहे आणि त्याला चिकटूनच रेल्वे स्टेशन. ती गाडी १९७२ मध्ये बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात रोडीन ही मुलींची निवासी शाळा या हॉटेलात भरत होती. मूळ शाळा पार दक्षिणेला, ब्रायटनजवळ समुद्राच्या कड्यावर. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, समोरच्या किनाऱ्यावर जर्मन येऊन बसले, आणि अख्खी शाळा गाठोडं बांधून देशाच्या दुसऱ्या टोकाला आली. राहायला हॉटेल, आणि काही वर्ग स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. तेव्हा गाड्या चालू होत्या बरं का! इंजिनाच्या शिट्टीत व्याकरण कसं शिकवलं असेल कोण जाणे.

मला कुतूहल आहे ते असं. अशा काळात हेड गर्ल, प्रीफेक्ट (शिस्त सांभाळणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुली) वगैरेंच्या हाती खरोखर काही काम आलं का, की बिल्ला तेवढा मिरवला? माझं मत आधीच सांगून टाकते : आलं, आणि ते मोठी माणसं कमी पडली म्हणून आलं. कुणी वाचलं, ऐकलं, अनुभवलं असेल तर लिहा. आपल्याकडच्या ६२, ६५, ७१ च्या आठवणीही चालतील.

निमूटराव

रोडीनचा खरा इतिहास मुली गेल्यानंतरचा आहे. :) रिकाम्या इमारतीत नौदलाचं पाणसुरुंग आणि टॉर्पेडोचं प्रशिक्षण केंद्र आलं. मुलींच्या शयनगृहात पलंगाजवळ घंटेचं बटण आणि खाली पाटी : रात्री काही लागल्यास बाईंना बोलावण्यासाठी बटण दाबावे. पहिल्याच रात्री सगळ्या इमारतीत घंटा वाजत होत्या म्हणे. आणि पुढे कित्येक नौसैनिक आयुष्यभर सांगत फिरले की आम्ही रोडीनचे माजी विद्यार्थी.

गवतीचहा

हा हा, निमूटराव! हा किस्सा नौदलात अजून सांगतात.

रानजाई, छान धागा. या 'पळवलेल्या' शाळांवर मी बरंच वाचलंय. पेन्ऱ्होस नावाची वेल्समधली मुलींची शाळा १९३९ मध्ये थेट चॅट्सवर्थला गेली, म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या महालात. वेल्समधली त्यांची इमारत सरकारच्या अन्नखात्याने घेतली होती. ड्यूकने हिशेब केला की घर सरकारजमा होणारच असेल तर सैनिकांपेक्षा शाळकरी मुली परवडल्या, नासधूस कमी. मग ज्या दालनांत राजेरजवाडे उतरायचे तिथे रांगेने लोखंडी पलंग लागले. वर छतावर रंगवलेले देव-देवता, खाली फ्लॅनेलच्या पायजम्यातल्या मुली. रात्रभर इतक्या जणींच्या श्वासाचा दमटपणा साचून तसबिरींच्या मागे बुरशी धरली होती.

पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर कॅसल हॉवर्ड या यॉर्कशरमधल्या महालात मिळतं. स्कारबरोची क्वीन मार्गारेट्स ही शाळा तिथे हलवली होती. ९ नोव्हेंबर १९४० ला पहाटे आग लागली. बॉम्बने नव्हे, बहुधा धुराड्यातून. बंब पोचेपर्यंत वेळ गेला. तोवर मुलींनी आणि बाईंनी मिळून चित्रं, आरसे, फर्निचर बाहेर काढलं. मोठा घुमट जळून आत कोसळला, तो १९६० नंतर पुन्हा बांधला. मुलींना तिथे कुणी आदेश दिला असेल असं वाटत नाही. आग लागल्यावर अर्ज, मुलाखत, मतदान कोण घेतंय?

तिरपागडा

घ्या, आता आमचा विरोधी सूर. हे सगळं महालात राहणाऱ्या मुलींबद्दल चाललंय. रोडीनची फी किती लोकांना परवडत होती? त्या काळी इंग्लंडात शाळा सोडण्याचं वय होतं चौदा. ते पंधरा करायचा कायदा झालेला होता आणि तो लागू व्हायची तारीख होती १ सप्टेंबर १९३९. म्हणजे नेमका पोलंडवर हल्ला झाला तो दिवस! युद्धामुळे ते जे लांबणीवर पडलं ते १९४७ पर्यंत. मधल्या काळात गिरण्यांत, दुकानांत, कारखान्यांत कामाला लागलेल्या चौदा वर्षांच्या पोरींना कुणी हेड गर्ल म्हटलं नाही. तुमच्या प्रीफेक्ट बाई बटाटे सोलले म्हणून कौतुक, आणि त्या पोरी रोज दहा तास उभ्या राहिल्या त्याचं काय?

रानजाई

तिरपागडा, मुद्दा मान्य. पण बटाट्यांना हसू नका. त्याआधी या शाळांतल्या मुलींनी स्वतःचा पलंगही आवरलेला नसायचा, ते काम मोलकरणींचं. युद्ध सुरू झालं तशा त्या बायका जास्त पगारावर कारखान्यांत निघून गेल्या. मग झाडलोट, वाढप, भांडी, कोळसा आणणं हे मुलींच्या पाळ्यांवर आलं. पाळ्या लावायच्या कुणी? प्रीफेक्टनी. गटबाजी न करता चाळीस जणींची पाळी लावून दाखवा, मग बोला.

तिरपागडा

म्हणजे युद्धामुळे श्रीमंतांच्या मुली भांडी घासायला शिकल्या. याला नेतृत्व म्हणायचं असेल तर आमच्या घरी मीच पंतप्रधान.

साठेकाकू

७१ साली मी दादरला मराठी शाळेत, नववीत. फक्त मुलींची शाळा. आमच्याकडे हेड गर्ल नव्हती, मंत्रिमंडळ होतं! मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री (नखं तपासायची), पाणीमंत्री (टाकी आणि तांब्याचे पेले), क्रीडामंत्री. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की आता एक संरक्षणमंत्रीही असेल.

तिला निवडलं ते तिचा आवाज मोठा म्हणून. भोंगा वाजला की जिन्यावर उभं राहून वर्ग एकेक करून खाली सोडायचे, पहिलीच्या मुली आधी. कुणी धावलं तर ओरडायचं. तळमजल्यावर भिंतीला पाठ लावून बसायचं, दातांत रुमाल, कानात बोटं. दातांत रुमाल कशासाठी ते आम्हाला नीट कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्या धरायच्या. शाळेच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या आम्हीच चिकटवल्या, खळ घरून आणून. संध्याकाळी ब्लॅकआउट. मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले. क्लासहून येताना रस्ता पायांना पाठ होता म्हणून पोचायचे.

खरा धोका आमच्यापर्यंत आला नाही. पण त्या पंधरवड्यात मुख्यमंत्रीण बाजूला पडली आणि संरक्षणमंत्रीण शाळेची राणी झाली, हे डोळ्यांनी पाहिलंय.

पेठकर

साठेकाकू, 'आरोग्यमंत्री (नखं तपासायची)' वाचून चहा सांडला.

आमच्या आईच्या आठवणी ६२ च्या. हस्तव्यवसायाच्या तासाला रुमालावरची फुलं बंद आणि सैनिकांसाठी स्वेटर, मफलर सुरू. पुण्याच्या मुलींना लोकरीचं विणकाम त्यातल्या त्यात येत होतं, पण हातमोज्यांना पाच बोटं जमेनात. मग सगळ्यांनी मफलरच विणले. सीमेवर मफलर किती पोचले आणि हातमोजे किती, हा संशोधनाचा विषय आहे. संरक्षण निधीसाठी बायकांनी बांगड्या काढून दिल्या तेही आईने पाहिलेलं.

आणि ४२ विसरू नका. तेव्हा इकडे दोन युद्धं चालू होती. पुण्या-मुंबईत शाळा-कॉलेजांवर बहिष्कार, प्रभातफेऱ्या, लाठ्या. मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या, नुकत्याच विद्यार्थिदशेतून बाहेर येत होत्या. ऑगस्टपासून नोव्हेंबरात पकडल्या जाईपर्यंत प्रक्षेपणाच्या जागा बदलत राहिल्या. इंग्लंडमधल्या प्रीफेक्ट मुलींनी शाळेचे नियम पाळवले, इकडच्या मुलींनी मोडले. नेतृत्व कुठलं मोठं?

हिमांशु_ओसाका

पेठकरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. नियम पाळवण्याच्या नेतृत्वाची दुसरी बाजू इथे जपानात आहे, ती लिहितो. जरा जड आहे.

ओकिनावाच्या दक्षिणेला इतोमानमध्ये हिमेयुरी (युद्धात नेलेल्या शाळकरी मुलींचं पथक) स्मारक आणि संग्रहालय आहे. ओकिनावात मुलींच्या दोन नावाजलेल्या संस्था एकाच आवारात होत्या, एक हायस्कूल आणि एक अध्यापिका विद्यालय. २३ मार्च १९४५ च्या रात्री तिथल्या २२२ मुली आणि १८ शिक्षक लष्करी रुग्णालयात रवाना झाले. वयं पंधरा ते एकोणीस. रुग्णालय म्हणजे टेकडीत खोदलेली भुयारं. तिथल्या एका बराकीत मेणबत्तीच्या उजेडात शेवटच्या वर्षाच्या मुलींचा पदवीदान समारंभही झाला, बाहेर तोफा चालू असताना. पुढचे दोन महिने पाणी आणणं, जखमेतल्या अळ्या काढणं, कापलेले हातपाय बाहेर नेऊन टाकणं, प्रेतं पुरणं. मुलींना आधी सांगितलं होतं की थोड्या दिवसांत जिंकू. काहींनी वह्या-पुस्तकं सोबत घेतली होती, परत आल्यावर अभ्यास बुडू नये म्हणून.

मेअखेरीस सैन्य दक्षिणेला हटलं, मुलीही त्यांच्यासोबत. १८ जूनला एकाएकी हुकूम आला : पथक बरखास्त, यापुढे तुमचं तुम्ही बघा. गुहेच्या बाहेर चहूकडे अमेरिकन सैन्य. जन्मभर फक्त आज्ञा पाळायला शिकवलेल्या मुलींना पहिल्यांदा निर्णय घ्यायला सांगितला तो त्या क्षणी. शिवाय शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मेलेलं बरं, हे मनावर ठसवलेलं. त्या २४० जणांपैकी १३६ मेले आणि त्यातले बहुसंख्य त्या हुकमानंतरच्या थोड्या दिवसांत.

या शाळांत शिस्त, ऐक्य, पुढाकार सगळं उत्तम होतं. ते उत्तम होतं म्हणूनच मुलींना इतक्या सहज नेता आलं. तेव्हा रानजाई, काम खरं होतं का एवढाच प्रश्न पुरत नाही. ते काम कुणी लावलं आणि नाही म्हणायची मुभा होती का, तेही विचारायला हवं.

साठेकाकू

हिमांशु, वाचून गप्प झाले. आमच्या जिन्यावरच्या संरक्षणमंत्रिणीला 'नाही' म्हणता आलं असतं का, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडलाच नाही.

गवतीचहा

+१. वाचलेल्या मुलींचं पुढे काय झालं?

हिमांशु_ओसाका

पुष्कळ जणी वर्षानुवर्षं बोलल्याच नाहीत. मैत्रिणी मेल्या आणि आपण जगलो, याची बोच. शिवाय मेलेल्या मुलींच्या आईवडिलांसमोर उभं राहायचं कसं? संग्रहालय झालं १९८९ मध्ये, ते शाळेच्या माजी विद्यार्थिनी संघाने उभं केलं. मग वाचलेल्या स्वतः रोज तिथे उभ्या राहून भेट देणाऱ्या शाळकरी मुलांना सांगायच्या, वय झालं तरी. एका दालनात मेलेल्यांचे फोटो आहेत, प्रत्येकीचा स्वभाव कसा होता ते दोन ओळींत लिहिलंय. कुणी पळण्यात पटाईत, कुणी हसरी. माझ्या मते या शाळांतलं खरं नेतृत्व साठीनंतर दिसलं.

करवीरकर

सगळे इंग्लंड-जपान हिंडून आले, आमच्या कोल्हापूरला कुणी आलंच नाही! महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या लोकांची वसाहत होती, ठाऊक आहे का कुणाला? १९४३ ते ४८. माणसं पाच हजारांच्या घरात, जवळजवळ सगळ्या बायका आणि पोरं. रशियाने १९४० मध्ये यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं, पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात. पुरुष एकतर सैन्यात, नाहीतर गेलेले. आधी जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. वळिवडं त्याहून कितीतरी मोठं आणि तेच विस्मरणात.

तिथे चर्च, पोस्ट, दवाखाना, नाटकं, आणि शाळा तर प्राथमिकपासून वरपर्यंत, सगळं पोलिश भाषेत. पोरींची दोन-तीन वर्षं शाळेविना गेलेली, उपाशीपोटी. त्यांना एकदम भूमिती! मुलींची स्काउट पथकं जोरात होती. आईबाप नसलेल्या धाकट्या पोरींना सांभाळायचं काम थोरल्या पोरींच्या अंगावर. तिथे कुणी बिल्ला दिला नाही हो. २०१९ मध्ये त्यातले म्हातारे झालेले काही जण पुन्हा कोल्हापूरला आले होते, मोठा कार्यक्रम झाला. वसाहत रिकामी झाल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. तुम्ही स्वस्तात कापड घ्यायला जाता ना, तेच.

निमूटराव

पण ती मुलींची शाळा नव्हती ना? धाग्याच्या शीर्षकाचा अपमान होतोय.

करवीरकर

मुलगेही होते. पण गाव चालवणाऱ्या बायका होत्या, शिकवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. शीर्षकाला सांगा, जरा सरकून बस.

मास्तरीण

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त. एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. शाळेत मुलींच्या हाती खरं काम येतं की नाही, हे मुख्याध्यापिकेवर ठरतं. रोडीनच्या त्या वेळच्या मुख्याध्यापिका एमेलीन टॅनर. १९२४ पासून १९४७ पर्यंत त्यांनी शाळा सांभाळली, म्हणजे हलवाहलव, हॉटेलातला संसार आणि परतीचा प्रवास सगळं त्यांच्या काळातलं. त्याच वेळी खाजगी शाळा सामान्य मुलांना कशा खुल्या करता येतील यावर विचार करणाऱ्या सरकारी समितीवरही त्या होत्या. तिरपागडा यांचा फीचा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता, तो असा.

आणि शिक्षिकांचं बघा. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी लग्न केलं की शिक्षिकेची नोकरी जायची. युद्धात पुरुष शिक्षक आघाडीवर गेले आणि याच लग्न झालेल्या बायकांना मिनतवारी करून परत बोलावलं. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ती बंदीच उठवली. मुलींनी रोज डोळ्यांसमोर काय पाहिलं असेल? काल ज्यांना घरी बसवलं त्या आज वर्ग चालवतायत. हेड गर्लच्या बिल्ल्यापेक्षा हे जास्त शिकवून गेलं असणार.

माझ्या नोकरीत मी मुलींना एकच काम खरोखर सोपवलं होतं, सहलीचा हिशेब. पैसे गोळा करणं, बसवाल्याशी घासाघीस, उरलेले परत करणं. वरून मला बोलणी बसली, पालकांची तक्रार आली. हिशेब मात्र शेवटच्या रुपयापर्यंत जुळला.

तिरपागडा

मास्तरीण बाई, हे पटलं. शिवाय आठवलं : इंग्लंडच्या गर्ल गाइड्सनी १९४० मध्ये वर्गणी जमवून एक जीवरक्षक बोट घेऊन दिली होती. ती नवीकोरी बोट फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेले सैनिक आणायला गेली. त्यात कामकरी घरांतल्या पोरीही होत्या, अर्ध्या दिवसाची मजुरी दिलेल्या. एवढं मी तुमच्या बाजूने देतो, पुढे मागू नका.

रानजाई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लेकीला पूर्ण धागा वाचून दाखवला (मराठी वाचायला तिला वेळ लागतो). हिमेयुरीनंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, निबंधात 'मी जबाबदारी घेईन' असं सगळ्याच लिहिणार, मी 'कुठल्या गोष्टीला नाही म्हणेन' ते लिहिते.

काल मुलाखत झाली. पॅनेलने विचारलं, पहिल्या आठवड्यात काय करशील? ही म्हणाली, जेवणाच्या सुट्टीची रांग लावायचं काम शिक्षकांकडून आमच्याकडे द्या, पाळ्या आम्ही ठरवू, आणि जमलं नाही तर महिन्याने परत घ्या. एका सरांना आवडलं, एका बाईंना अजिबात नाही. निकाल पुढच्या आठवड्यात.

तरी माझं मूळ मत कायम आहे. युद्धानंतर मोलकरणी नाही तरी शिक्षक परत आले, शाळा जुन्या इमारतीत गेल्या आणि मुलींच्या हातातली बरीच कामं काढून घेतली गेली. मोठी माणसं पुरेशी झाली की बिल्ला पुन्हा शोभेचा होतो.

पेठकर

त्या बाईंना आवडलं नाही म्हणजे लेक निवडून येणार. आमच्या पेठेतला नियम आहे.

बाकी साठेकाकू, एक राहिलंच. त्या संरक्षणमंत्रीण पुढे काय झाल्या?

साठेकाकू

बँकेत ऑफिसर झाली, युनियनची सेक्रेटरी होती कित्येक वर्षं. आता आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर मेसेज टाकला की अजून ओरडते. मुख्यमंत्रीण ग्रुपवर आहे, पण तिला कुणी विचारत नाही.